प्रश्न क्रमांक अकरा

तीनशे फॉर्म. स्वस्तातला पिवळट कागद.
मिरज स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं, कसला सर्व्हे?
दुपारच्या झोपेचा, म्हणाले.
तो हसला. त्याच्या मागं त्याचा भाऊ
गरम मशिनला पाठ लावून झोपला होता.

प्रश्न क्रमांक अकरा:
दिवसा तासाहून जास्त झोप आणि मेंदूचा झटका
यांचा काही संबंध असू शकतो, असं आपण ऐकलं आहे का?
होय. नाही. सांगता येत नाही.

जिनदत्त उपाध्येनं ‘नाही’वर अशी टिक केली
की कागद फाटला.
शाहीन मुजावर म्हणाली, झटका म्हाताऱ्यांना येतो गं,
आम्हाला येतो तो सबमिशनच्या आदल्या रात्री.
कस्तुरीनं फॉर्म उशीखाली सरकवला, उठल्यावर भरते.
आणि कुणीतरी ‘इतर सूचना’च्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात:
कृपया तीन ते चार येऊ नये.

मी हसत हसत कोड भरत गेले.
होयला एक, नाहीला दोन,
सांगता येत नाहीला नऊ.
नऊ फार आले.

बाबा हळदीच्या यार्डात तोलार.
सौदे संपले की दीडला भाकरी,
दोनला पोत्यांच्या थप्पीवर आडवे.
उठत तेव्हा गालावर तागाची वीण,
कानाच्या पाळीत पिवळं.
आई म्हणायची, असली झोप विकत मिळत न्हाई.

यंदा तीच झोप लांबत गेली.
तीनची साडेतीन, साडेतीनची चार.
उन्हं वाढलीत, आम्ही म्हणालो.
वय झालं, म्हणालो.
हळद पडली, दर पडले, माणूस दमणारच की.

त्या मंगळवारी फॉर्म ठेवायला खोका हवा होता म्हणून यार्डात गेले.
साडेतीन वाजले होते.
भूपालकाकांनी त्यांच्या तोंडावर टॉवेल टाकला होता,
माशा बसू नयेत म्हणून.
झोपू दे, काका म्हणाले.
झोपू दे, मीही म्हणाले,
आणि त्यांच्या पायाशी बसून
प्रश्न अकराची उत्तरं मोजली.

सव्वापाचला उठले.
चहाचा कप उजव्या हातात दिला,
तो हळूच कलत गेला, जसा तराजू कलतो,
आणि त्यांनी नुसतं बघितलं, वजन कुणाचं ते.
मला हाक मारली.
पद् म्हणाले.
मा नाही, वती नाही.
पद्.

रिक्षानं विश्रामबाग मागं टाकलं.
त्या नावाचा अर्थ मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

मिरजेत डॉक्टरनं एकच विचारलं, पुन्हा पुन्हा:
सुरू कधी झालं?
शेवटचे धड कधी पाहिलेत?
इंजेक्शनला वेळेचं गणित असतं, ताई, नीट आठवा.

दीडला भाकरी खाल्ली.
दोनला आडवे झाले.
पुढं टॉवेल.

सांगता येत नाही, मी म्हणाले.

मॅडम फळ्यावर लिहितात, संबंध म्हणजे कारण नव्हे.
वहीत उतरवून घेतलंय, खाली दोन रेघा मारून.
झोपेनं झटका आणला
की झटकाच महिनाभर आधी येऊन
झोपेचं सोंग घेऊन पोत्यांवर पडून होता,
हे माझ्या तीनशे फॉर्मांना ठाऊक नाही.
दोनशे नव्व्याण्णव. कस्तुरीचा अजून उशीखाली आहे.

आता आई दुपारी दर अर्ध्या तासानं त्यांना हलवते.
ते चिडतात.
चिडणं सगळं येतं, शब्द निम्मे.
आईला तेवढं पुरतं. ती पुन्हा भांडी घासायला लागते.

आणि हॉस्टेलवर तीन वाजता,
सूचना वाचूनसुद्धा,
मी कस्तुरीच्या दारावर थाप मारते.
आतून जडावलेला आवाज: फॉर्म का?
नको, राहू दे फॉर्म.
माझं नाव घे.
सगळं.